चित्राच्या कडा

मुंग्याकाकांनी टीव्ही भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, गुडघे टेकून त्याच्या पाठीमागे डोकं घातलं आणि चाचपडत पिवळी पिन उपसून काढली. तिच्यावर फुंकर मारली, शर्टाच्या बाहीला पुसली आणि परत जागच्या जागी खोचली.

"आता बघा."

"सिग्नल नाही, असंच लिहून येतंय," पुढच्या बाजूने मुलीचा आवाज आला.

"कॅमेरा चालू आहे ना?"

"चालू आहे. त्याच्या छोट्या पडद्यावर काही दिसत नाही, पण टेप फिरतेय. बारीक आवाजही येतोय तिचा."

काकांनी लाल आणि पांढरी पिनही एकदा दाबून पाहिली. तेवढ्यात टीव्हीतून खसखस ऐकू आली. कापडावर कापड घासल्याची. मागे कुठेतरी चाकांची गाडी करकरत गेली, कुणी खोकलं, एक दार लागलं. चित्र नसलं की काही सेट आवाजही दाबून टाकतात. हा सेट भला निघाला होता. काकांचा चेहरा उजळला.

"आवाज आला! म्हणजे टेप जिवंत आहे. अर्धं काम फत्ते."

"आवाजाचा काय उपयोग, काका?"

मुंग्याकाका कमरेवर हात ठेवून उठले. आजकालच्या मुलांना धीर नसतो हे त्यांचं जुनं मत होतं आणि ते मांडायची संधी ते सहसा सोडत नसत.

"असं म्हणू नका, ताई. गेलेल्या माणसाचा नुसता आवाज ऐकून लोकांना रडताना पाहिलंय मी. चित्र आलं नाही तरी चालेल म्हणतात."

"माझी आई बोलत नव्हती," मुलगी म्हणाली. "तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बाबांनाही येत नाही. ती हातांनी बोलायची. मला तिचे हात बघायचेत."

काका ओशाळले. मत मांडायची घाई नडली होती. त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. आल्यापासून तिथे एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. काकांनी दोनदा नमस्कार केला होता आणि उत्तर न मिळाल्याने मनातल्या मनात त्यांना शिष्ट ठरवून टाकलं होतं.

म्हातारे बाइंडर होते. उभा जन्म त्यांनी याच खोलीत पुस्तकं बांधली. भिंतीलगतच्या फळीवर अजून त्यांची हत्यारं ओळीने मांडलेली होती: दाभण, हाडाची पट्टी, लाकडी मुठीच्या तीन सुऱ्या, कापडाच्या पट्ट्यांची गुंडाळी. दोन वर्षांपूर्वी डोळे गेले. आता खिडकी कुठे आहे एवढं त्यांना उजेडावरून कळायचं, बाकी काही नाही. ज्या माणसाला सगळं डोळ्यांनी ऐकायची सवय, त्याचेच डोळे गेले होते.

बाइंडरांनी खुर्चीच्या हातावर दोनदा बोटं वाजवली. मुलगी लगेच त्यांच्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसली. त्यांनी आपले दोन्ही पंजे तिच्या हातांवर अलगद ठेवले आणि तिचे हात हलू लागले. तिच्या हातांबरोबर त्यांचे हातही हलत होते.

"आवाज आला म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "चित्र अजून नाही, म्हटलं." मग म्हाताऱ्यांचे हात हलले, तशी ती म्हणाली, "बाबा म्हणतायत, राहू द्या. इतकी जुनी टेप, सडली असेल. तुम्हाला उगाच त्रास."

"मला कसला त्रास? आणि ताई, मला प्रत्येक गोष्ट सांगायला पाहिजे असं नाही."

"सवय आहे हो. खोलीत तिसरं माणूस असलं की मी तोंडानेही बोलते. नाहीतर माणसाला वाटतं, आपल्याबद्दलच काहीतरी शिजतंय."

"शिजू द्या की. माझ्याबद्दल बोलण्यासारखं कुणाला काही सापडत असेल तर मलाही ऐकायचंय."

मुलगी हसली. तेही तिने वडिलांच्या हातांवर सांगितलं. ते हसले नाहीत.

मुंग्याकाकांना हे नाव धंद्याने दिलं होतं. घराघरावर अँटेना असायचे तेव्हा वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि लोक त्यांना गच्चीवरून ओरडून बोलवायचे. आता अँटेना गेले, मुंग्या गेल्या, नाव तेवढं राहिलं. हल्ली त्यांना बोलावणं यायचं ते अशाच कामांसाठी. नवा टीव्ही, जुनं यंत्र, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. एका बाबतीत मात्र त्यांना भारी घमेंड होती. तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला सेटबद्दल एकदाही थाप मारली नव्हती. गेलं असेल तर गेलं म्हणून सांगायचे, जाणार असेल तर जाणार म्हणून.

"कधीची टेप म्हणायची ही?" पुन्हा खाली बसत त्यांनी विचारलं.

"बावीस वर्षं झाली. मी चार वर्षांची होते. आईचं ऑपरेशन होतं. वॉर्डात लहान मुलांना सोडत नव्हते, म्हणून बाबा मला घेऊन बाहेर बाकावर बसले होते. मामाने नवा कॅमेरा घेतला होता. आईने त्याला खुणेने सांगितलं, माझं बोलणं घे आणि त्यांना नेऊन दाखव." ती थांबली. "ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली नाही. मामाने कॅमेरा टेपसकट इथेच ठेवला. आता मामाही नाही."

"तुम्ही पाहिली असेल की तेव्हा."

"तेव्हा एकदा लावली होती म्हणे. मला आठवत नाही. मग जरा कळत्या वयाची झाले, बघायची म्हटलं, तर यंत्र बिघडलेलं. बाबांनी दुरुस्तीला कधी दिलंच नाही. पण काय म्हणाली ती, ते पाठ आहे मला. बाबा रोज झोपताना सांगायचे."

सांगताना तिचे हात आपोआप उचलले गेले. डोळे मिटून कविता म्हणणाऱ्या शाळकरी मुलीसारखी ती म्हणाली, "दूध सांडलं तर रडायचं नाही, फडकं आणायचं. शाळेत पहिल्या बाकावर बसायचं. घरात आवाज नाही, म्हणून शाळेतला आवाज पोटभर ऐकून यायचं. बाबांना लोक हसले तर भांडायचं नाही, बाबांचा हात धरायचा. आणि मोठी झालीस की माझ्यासारखी हट्टी हो."

काकांनी चष्मा काढून पुसला, त्याची काही गरज नव्हती.

"आता बाबांना दिसत नाही," मुलगी म्हणाली. "म्हटलं, टेप लावायची, मी बघायची आणि आई जे बोलेल ते बाबांच्या हातावर सांगायचं. तिचं बोलणं त्यांना पुन्हा एकदा मिळेल. आणि मला पहिल्यांदा."

काकांनी पिवळी वायर पिनेपासून कॅमेऱ्यापर्यंत बोटांतून ओढत नेली. हात त्यांचे पारखी होते. मध्यावर एका जागी ते थबकले. तिथे वायरीवर काळ्या कापडाची पट्टी गुंडाळून चिकटवलेली होती. वायरमन लावतात ती टेप नव्हे. पुस्तकाच्या पाठीला लावायचं कापड, इतकं सफाईने बसवलेलं की नजरेला सहज दिसू नये. नखाने त्यांनी ते सोडवलं.

आत वायर तुटलेली होती. तुटलेली म्हणजे कापलेली. वायर जीर्ण होऊन तुटते तेव्हा तिचं आवरण आधी भेगाळतं, पांढरं पडतं. उंदराने कुरतडली तर दातांच्या खुणा असतात. इथे एका घावात धारदार पात्याने केलेला काप होता, काटकोनात. काकांची नजर फळीवरच्या लाकडी मुठीच्या सुऱ्यांकडे गेली आणि त्यांनी ती परत फिरवली. अजून एक गोष्ट होती. कापलेल्या दोन्ही टोकांच्या तारा पीळ खाऊन वाकड्या झाल्या होत्या, चार-पाच केसागत बारीक तारा तुटून गेल्या होत्या. एकदा जोडून सोडलेली तार अशी होत नाही. ही कुणीतरी कितीतरी वेळा जोडली होती आणि कितीतरी वेळा सोडली होती.

"सापडलं?" मुलीने विचारलं.

"वायर गेलीये," काका म्हणाले. हे खरंच होतं. पट्टी त्यांनी पुन्हा होती तशी दाबून बसवली. दुसऱ्याच्या घरात शिरावं, पण दुसऱ्याच्या भानगडीत शिरू नये, हे ते धंद्याच्या पहिल्या वर्षातच शिकले होते.

"मग आता? दुसरी मिळेल?"

"कशाला? या तिन्ही वायरी आतून सारख्याच. रंग आपले आपल्या सोयीसाठी. आवाज नकोय ना आपल्याला? मग पांढरी वायर पिवळीच्या जागी लावू."

त्यांनी कॅमेऱ्याच्या बाजूने पिनांची अदलाबदल केली, टीव्हीच्या बाजूने केली. पडद्यावर एकदम हालचाल झाली. मुलगी स्टुलावरून अर्धी उठली. पण चित्र होतं काळंपांढरं आणि खालून वर सरकत जाणारं, थांबायचं नाव नाही. कुणाचं तोंड, कुणाचे खांदे, काही पत्ता लागत नव्हता.

"थांबा, थांबा. घाबरू नका. हे तर आपल्या ओळखीचं दुखणं आहे."

नव्या सेटमध्ये एकाच भोकात दोन तऱ्हेची यंत्रं लागतात. कुठलं लावलंय ते सेटला सांगावं लागतं, नाहीतर तो आपल्या मनाने काहीतरी धरून चालतो. काकांनी रिमोट घेतला, एकातून दुसऱ्या यादीत शिरत गेले, एक खूण काढली, दुसरी घातली. चित्र एक गचका खाऊन थांबलं. मग रंग आला.

दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून मधोमध चौकोनी चित्र उभं होतं. अशा वेळी काकांचा अंगठा त्यांना विचारत नसे. एवढा मोठा टीव्ही घेतला आणि चित्र मधल्या मध्ये? प्रत्येक गिऱ्हाइकाची हीच तक्रार, त्यामुळे पट्टे दिसले की अंगठा बटणावर पडायचा. आत्ताही पडला. चित्र फुगलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत पडदा भरून एक बाई समोर आली.

तरुण होती. या मुलीपेक्षाही थोडी लहानच असेल. मागे पांढरी उशी, कपाळावर चिकटलेले केस, डाव्या भुवईत एक जुना व्रण. ती थेट समोर बघत होती. ओठ मिटलेले, पण चेहरा एक क्षण स्थिर नव्हता. भुवया वर जात, डोळे बारीक होत, गाल फुगत; काहीतरी ठासून सांगावं तशी मान पुढे येत होती.

मुलगी पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला. तिने बोट उचललं, भुवईतल्या व्रणापर्यंत नेलं आणि टेकवलं नाही. काकांनी नजर दुसरीकडे वळवली. अशा वेळी कुणी बघत असू नये.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काका, हात कुठायत?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

"माझीच चूक. पडदा भरायला म्हणून मी चित्र ताणलं, त्यात वरचं आणि खालचं कापलं गेलं. सवय हो, मेली. आत्ता आणतो."

त्यांनी बटण दाबलं. काळे पट्टे परत आले, चित्र आपल्या मूळ मापात बसलं. आता सगळं कपाळ दिसलं, हनुवटी दिसली, गळा, खांदे, दवाखान्यातल्या झग्याची वरची नाडी. खांदे एकसारखे हलत होते. दंड पुढे येत होते, मागे जात होते. त्याच्या खाली चित्र संपत होतं.

"अजून खाली घ्या ना."

काकांनी रिमोट पुन्हा वर धरला. "बघतो," म्हणाले.

एक उपाय शिल्लक होता. टीव्ही कुठलंही चित्र दाखवताना चारी कडांची थोडी थोडी पट्टी पडद्याबाहेर ठेवतो. जुन्या सेटमध्ये ती जरा जास्त जायची. नव्यात ते बंद करता येतं, पण जागा आतल्या आत दडलेली. काका एक एक यादी उलगडत गेले. मुलगी पडद्यापासून हलली नव्हती. मागे बाइंडर खुर्चीच्या हातावर अंगठा घासत होते, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. काकांनी ती खूण काढून टाकली आणि चित्र चारी बाजूंनी बोटभर उघडलं.

झग्याची दुसरी नाडी दिसली. उशीची शिवण दिसली. आणि चौकटीच्या अगदी खाली, मधूनच, बोटांची टोकं. वर यायची आणि बुडायची. एकदा दोन टोकं एकमेकांना लागली, एकदा एक टोक एकटंच वर आलं, सलाईनच्या सुईवर लावलेल्या चिकटपट्टीचा कोपरा दिसला, आणि परत काही नाही.

काकांना सगळं समजलं. कॅमेरा धरणारा मामा कानाने धड असणार. बोलणाऱ्या माणसाचा फोटो कसा घ्यायचा हे त्याला माहीत होतं: तोंड मोठं घ्यायचं. बहिणीवर माया होती, म्हणून अजून जवळ गेला असेल. ती जीव तोडून बोलत होती आणि तिचं बोलणं चौकटीच्या खाली सांडत होतं, आणि त्या खोलीत तिला ते सांगणारं कुणी नव्हतं.

"अजून थोडंसं," मुलगी म्हणाली. "दिसतायत ना बोटं? थोडंसंच राहिलंय."

"ताई."

"त्या दुसऱ्या यादीत काही असेल."

"ताई, यंत्राने कापलेलं मी परत आणू शकतो. कॅमेऱ्याने घेतलंच नसेल तर ते कुठून आणू? टेपमध्ये एवढंच आहे."

ती वळली. तिचा विश्वास बसत नव्हता हे स्पष्ट दिसत होतं.

"असं कसं? बाबांनी पाहिलंय ना. बाबांनी तर मला सगळं…"

ती बोलता बोलता थांबली. त्याच वेळी मागून बोटं वाजली. पहिल्यांदा हळू, मग जोराने. बाइंडरांना जमिनीतून पावलं कळत असावीत, किंवा खोलीतली माणसं हलायची थांबली हे कळलं असावं. मुलगी यंत्रासारखी जाऊन त्यांच्यासमोर बसली. त्यांनी तिच्या हातांची वाटही पाहिली नाही. स्वतःचे हात उचलून हवेत विचारलं. सवयीने तिने मोठ्याने सांगितलं.

"बाबा विचारतायत, हात दिसतात का?"

वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं आणि मग तिला ते ऐकू आलं. ज्याने हात पाहिले आहेत त्याने विचारलं असतं, चित्र आलं का, कशी दिसते. हात दिसतात का, हे विचारणारा माणूस एकच असू शकतो: ज्याने ते कधी पाहिलेच नाहीत.

मुंग्याकाका हातातल्या रिमोटकडे बघत राहिले. पोर टेप बघायचा हट्ट धरण्याएवढी मोठी झाली त्या वर्षी कुणीतरी फळीवरची सुरी घेऊन पिवळी वायर कापली होती. आणि पोर शाळेत गेली की तोच माणूस तारा जोडून बसत होता, नुसत्या चेहऱ्यासमोर, खांदे वाचायचा प्रयत्न करत. मग तिच्या येण्याच्या आत सोडून, पट्टी चिकटवून, उठत होता. किती वर्षं, ते त्या तारांनाच माहीत.

मुलगी वडिलांकडे बघत होती. ते खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसले होते, हात पुढे पसरलेले, तळवे खाली, तिचे हात त्यांच्याखाली यायची वाट बघत. तिच्या चेहऱ्यावर राग आलेला काकांनी पाहिला. खरा राग, फसवल्या गेलेल्या माणसाचा. बावीस वर्षं ती ज्याला आईचं बोलणं म्हणत होती त्यात आईचा एक शब्द नव्हता. ती हात मांडीवर घट्ट आवळून बसली. म्हाताऱ्यांचे तळवे हवेत तसेच राहिले.

मग तिने मुठी सोडल्या आणि हात त्यांच्या हातांखाली सरकवले.

"दिसतात," ती म्हणाली.

बाइंडरांची बोटं ताठ झाली. त्यांनी एकच खूण केली.

"विचारतायत, कसे?" तिने मान वळवून काकांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नीट होता. "काका, तुम्ही सांगा ना त्यांना. आधी दिसत नव्हते ते आता कसे दिसले."

तीस वर्षांची घमेंड. मुंग्याकाकांनी घसा खाकरला. समोरच्याला ऐकू येत नाही, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"सांगा," ते म्हणाले, "जुन्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जायच्या. चारी बाजूंनी. खालचा खूपसा भाग पडद्याच्या बाहेरच राहायचा. या टीव्हीवर मी कडा उघडल्या. टेपमध्ये आहे तेवढं सगळं आता दिसतंय."

त्यात 'खूपसा' एवढाच शब्द खोटा होता. पण तेवढा पुरेसा होता.

मुलीने ते हातांनी सांगितलं, सावकाश, एकेक गोष्ट. म्हातारे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं आणि तिने ते मोठ्याने सांगितलं.

"काय म्हणते ती?"

बावीस वर्षं रोज रात्री ज्याने ते सांगितलं होतं, तोच विचारत होता. आणि विचारताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मुंग्याकाकांना तिथे थांबवेना. त्यांनी हत्यारांची पेटी बंद केली. मुलीने मानेनेच जाऊ नका म्हटलं.

"टेप पहिल्यापासून लावा, काका."

काकांनी टेप मागे नेली. पुन्हा उशी आली, व्रणाची भुवई आली. कुणीतरी खूण केली असावी, कारण बाईने एकदा मान हलवली आणि खांदे उचलले. मुलगी पडद्याकडे बघत होती, एक क्षणही डोळे न मिटता, आणि हात वडिलांच्या हातांखाली.

"म्हणते, तुम्ही बाहेर बाकावर बसला आहात ते मला माहीत आहे. आत सोडत नाहीत म्हणून दारातल्या बाईशी भांडू नका, ती तिचं काम करतेय."

बाइंडरांच्या तोंडून एक आवाज निघाला. ते हसले होते. भांडले असणार.

"म्हणते, पोरीचे मोजे पिशवीत तळाशी आहेत. घाला, फरशी गार आहे."

पडद्यावर भुवया वर गेल्या, मान पुढे आली. मुलीने ते पाहिलं आणि तिचे हात जोरकस झाले.

"म्हणते, जेवायचं टाळू नका. काम पुढ्यात असलं की तुम्ही विसरता. तुमचे हात मला फार आवडतात, हे मी कधी सांगितलं नाही. समोरच तर असायचे सारखे, त्यात सांगायचं काय."

म्हाताऱ्यांचे डोळे वाहत होते. ते पुसायला हात काढावे लागले असते आणि हात ते काढत नव्हते. पडद्यावर खाली बोटांची टोकं एकदा वर आली आणि बुडाली. मुलगी थोडी थांबली.

"म्हणते, सुई लावलेला हात दुखतोय, फार बोलवत नाही. पोरीला सांगायचं पुष्कळ राहिलंय. राहिलेलं तुम्ही सांगा तिला. मी काय म्हणाले असते ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही जे सांगाल ते माझंच."

बाइंडरांचे हात तिच्या हातांवर थांबले. काकांना वाटलं, त्यांना कळलं. मग वाटलं, नसेल. त्या आंधळ्या, ओल्या चेहऱ्यावरून काही ठरवता येत नव्हतं. त्यांनी फक्त मुलीची मनगटं धरली, घट्ट, आणि कितीतरी वेळ धरून ठेवली. मग सोडली आणि पंजे पुन्हा पहिल्यासारखे अलगद ठेवले.

मधल्या मध्ये चित्र एकदा थरथरलं आणि तुटलं. बाई बोलता बोलता गेली. कॅमेऱ्याने टक करून टेप थांबवली. पडद्यावर तीच दोन शब्दांची पाटी आली आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात फिरू लागली. सगळी मिळून टेप चार मिनिटांची होती.

म्हाताऱ्यांनी हळूच काहीतरी विचारलं.

"विचारतायत, संपलं का?" मुलगी म्हणाली.

तिने रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. मुंग्याकाकांनी तिच्याकडे पाहिलं. रिमोट त्यांच्या हातात होता. सेट बंद करायचा त्यांचा अंगठा उचललेला होता, तो त्यांनी बाजूला घेतला.

"नाही," तिने वडिलांच्या हातांवर सांगितलं. "अजून बोलतेय ती."

काकांनी कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि बसले.